स्लिमब्रिज की हॅम वॉल? हिवाळ्यात घरच्यांना न्यायचं असेल तर

भारतातून आई-बाबा एरवी उन्हाळ्यात येतात, पण नातवंडाच्या जन्माच्या निमित्ताने ऐन डिसेंबरात आलेले आजी-आजोबाही इथे ब्रिटनमध्ये कमी नाहीत. चार वाजता अंधार पडतो, घरात बसून माणसं कंटाळतात, आणि ब्रिस्टल, स्विंडन, कार्डिफकडच्या मराठी घरांत एखाद्या शनिवारी ठरतं की पाणपक्षी बघायला जाऊ. मग दोन नावं पुढे येतात: ग्लॉस्टरशरमधलं स्लिमब्रिज आणि सॉमरसेटमधलं हॅम वॉल. दोन्हीकडे मी एकटाही गेलोय आणि घरच्यांना घेऊनही. त्यातून माझं एक मत बनलंय. ते प्रत्येक घराला लागू पडेलच असं नाही.

वेळा आणि दर संकेतस्थळांवर आहेत, त्यात शिरत नाही. एवढं मात्र ध्यानात असू द्या की स्लिमब्रिजचं तिकीट चौघांच्या कुटुंबाला जाणवतं. हॅम वॉलला आत जायला पैसे नाहीत, फक्त गाडी लावायचे पडतात. लंडनकरांना बार्न्सचं वेटलँड सेंटर आणि केंब्रिजकरांना विकन फेन हाताशी आहे, त्यांनी एका दिवसासाठी एवढं लांब येऊ नये.

आधी हॅम वॉल, कारण पक्ष्यांचं वेड असलेला कुणीही तुम्हाला तेच सांगेल. ग्लास्टनबरीजवळच्या या सखल मुलखात पीट, म्हणजे दलदलीत कुजून साचलेल्या वनस्पतींची जळाऊ माती, काढायचे. ते काढून झाल्यावर उरलेल्या खड्ड्यांत पाणी भरलं, बोरू लावला आणि पाणथळ जागा नव्याने उभी राहिली. रस्त्यापलीकडे शॅपविक हीथ आहे. दोन्हीच्या मधून जाणारी सरळ, सपाट वाट म्हणजे १९६६ मध्ये बंद पडलेला रेल्वेमार्ग. शॅपविकच्या पीटखाली तर 'स्वीट ट्रॅक' ही नवाश्मयुगातली लाकडी पायवाट सापडली. झाडांच्या वर्तुळांवरून तिचं लाकूड इसवी सनापूर्वी ३८०७-३८०६ मध्ये तोडलेलं निघालं. म्हणजे या चिखलातून कोरड्या पायांनी जायची खटपट माणूस जवळजवळ सहा हजार वर्षं करतोय.

पक्ष्यांच्या बाबतीत हा मुलूख आज इंग्लंडमध्ये फार वरचा आहे. बिटर्न हा बोरूत लपून राहणारा बगळ्याच्या कुळातला पक्षी. १९९७ मध्ये त्याचे घुमणारे नर अख्ख्या ब्रिटनमध्ये अवघे ११ उरले होते, आणि आता वसंतात इथे उभं राहिलं की त्याचा घुमारा दोन-तीन दिशांनी कानावर येतो. गाय बगळ्याने ब्रिटनमध्ये पहिल्यांदा पिल्लं वाढवली ती २००८ मध्ये, सॉमरसेटमध्येच. मोठ्या बगळ्याने २०१२ मध्ये शॅपविक हीथवर. नांदूर मध्यमेश्वर पाहिलेल्या माझ्या बाबांना इथली मंडळी मोठ्या बगळ्यावर दुर्बिणी रोखून उभी दिसली तेव्हा ते म्हणाले, "अरे, हा तर आपल्या बांधावर रोज असतो." नंतर मात्र बराच वेळ ते त्या एकाच बगळ्याकडे पाहत राहिले. घरापासून इतक्या दूर ओळखीचं कुणी भेटलं की माणसाचं असं होतंच.

पण हिवाळ्यात लोक हॅम वॉलला जातात ते स्टार्लिंगसाठी. आपल्याकडे ज्वारीच्या दिवसांत भोरड्यांचे थवे ज्यांनी पाहिलेत, त्यांनी त्यांच्याच कुळातला हा पक्षी डोळ्यांसमोर आणून संख्या लाखांवर न्यावी. सूर्य मावळताना चारही बाजूंनी टोळ्या येतात, एकमेकींत मिसळतात, आभाळभर वळणं घेतात आणि मग सगळा थवा एकदम बोरूत उतरतो. ज्याला हे डोक्यावर दिसलं, तो हॅम वॉलशिवाय दुसरं नाव घेणार नाही. त्याचं चूक आहे असं मीही म्हणणार नाही.

माझी अडचण इथेच आहे. ते डोक्यावर दिसेल याचा नेम नसतो. लाखो पक्षी रात्र काढतात तेव्हा बोरू वजनाने मोडतो, आडवा होतो, आणि थवा जागा बदलतो. आज हॅम वॉल, उद्या शॅपविक, कधी आणखी उत्तरेला वेस्टहे मूर. ते काल कुठे उतरले हे कळायची सोय आहे, पण ती कालचीच बातमी असते. एकटा असेन तेव्हा याचं मला काहीच वाटत नाही. पायी पलीकडे जातो, नाहीतर परत येतो. पण सत्तरीतल्या आईला शाली-मफलरीत गुंडाळून, त्या सरळ वाटेवर पाऊण तास चालवत नेलंय, वारा अंगाला झोंबतोय, मावळतीची वेळ झालीय, आणि थवा दिसतोय तो रस्त्यापलीकडे मैलभर लांब. दुर्बिणीतून काळा पट्टा हलतो, डावीकडे झुकतो आणि खाली जातो. आईला दुर्बीण लावायची सवय नाही, तिची नजर त्या जागेवर बसेपर्यंत आभाळ रिकामं झालेलं. त्यानंतर अंधारात तेवढंच अंतर परत. आई काही बोलली नाही. "छान मोकळी हवा आहे," एवढं म्हणाली. यात दोष कुणाचाच नाही, पक्षी त्यांच्या सोयीने झोपणार. पण वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाची एक संध्याकाळ अशी पणाला लावायची माझी तयारी राहिली नाही. हेच दिवसाही होतं. बोरू माणसाच्या डोक्याहून उंच, त्यात आवाज पुष्कळ आणि दर्शन थोडं. धीर धरून उभं राहणाऱ्याला ती जागा भरभरून देते, पण ज्याचे गुडघे दुखतात त्याने धीर धरायचा तरी कसा?

स्लिमब्रिजची घडणच वेगळी आहे. सेव्हर्न नदीच्या मुखाजवळची ही जागा पीटर स्कॉट यांनी १९४६ मध्ये उभी केली. दक्षिण ध्रुवावरून परतताना गेलेल्या कॅप्टन स्कॉट यांचा हा मुलगा. 'मुलाला निसर्गाची गोडी लाव,' असं वडिलांनी शेवटच्या पत्रात आईला कळवलं होतं. इथे हिवाळ्यात उत्तर रशियाच्या टुंड्रातून बेविकचे हंस येतात. प्रत्येक हंसाच्या चोचीवरची पिवळी-काळी नक्षी वेगळी असते हे स्कॉट यांनी हेरलं आणि १९६४ पासून चोचींची चित्रं काढून एकेका हंसाला नाव दिलं. ती नोंद आजही चालू आहे: कोण जोडीदारासह आला, कोणाबरोबर पिल्लं आहेत, कोण यंदा दिसला नाही.

तलावाकाठी काचेची मोठी, उबदार खोली आहे. बसायला जागा आहे. दुपार कलल्यावर दाणे टाकतात तेव्हा हंस, चक्रवाकांच्या जातीची शेलडक, तलवार बदकं अशी सगळी समोर येतात, दुर्बीण लागतच नाही. माझी आई तिथे बाकावर बसून एका हंसाच्या जोडीकडे पाहत होती. ती जोडी हजारो मैल बरोबर उडत आली आहे आणि या जोड्या सहसा आयुष्यभर टिकतात, हे तिथल्या स्वयंसेवकाने सांगितलं. मी मराठीत सांगितल्यावर तिने त्यांची नावं विचारली. पुढे फोनवरही ती विचारायची, "ते दोघं आले का रे यंदा?" हॅम वॉलबद्दल तिने असं कधी विचारलं नाही, आणि माझ्यापुरता निकाल इथे लागला.

स्लिमब्रिजवर घेतला जाणारा आक्षेप मला माहीत आहे, आणि त्यात तथ्य आहे. आवारात जगभरातली पाळलेली बदकं, हंस, रोहित आहेत. त्यांच्यात रानातले पक्षीही येऊन मिसळतात, त्यामुळे समोरचं बदक उडून आलंय की इथेच वाढलंय, असा प्रश्न पडतो. नोंदवही ठेवणाऱ्याला हे खटकेल. मला ते फारसं खटकत नाही, कारण त्या पाळण्यामागे काम आहे. हवाईचा नेने हा हंसकुळातला पक्षी १९५० च्या सुमारास जगात तीसेक उरला होता. त्याची वीण इथे वाढवून पुढे तो हवाईत परत सोडला. आणि सॉमरसेटच्या कुरणांवर आज दिसणारे क्रौंच? ते दक्षिण-पश्चिम इंग्लंडमधून सुमारे चारशे वर्षं नाहीसे होते. जर्मनीतून आणलेली अंडी स्लिमब्रिजमध्येच उबवली आणि २०१० ते २०१४ या काळात ती पिल्लं सॉमरसेटला सोडली. म्हणजे हॅम वॉलच्या वाटेवर डोक्यावरून क्रौंच गेला, तर त्याचं मूळ बहुधा इकडेच सापडेल.

हंसांबाबत मात्र वाढीव आशा लावू नका. वायव्य युरोपात हिवाळा काढणारे बेविकचे हंस १९९५ मध्ये सुमारे २९,००० होते, २०१० पर्यंत १८,००० वर आले. हिवाळे सौम्य झाल्याने बरेच नेदरलँड्स-जर्मनीतच थांबतात. स्लिमब्रिजला पूर्वी शेकड्यांनी यायचे, आता खूप कमी येतात. निघण्याआधी ताज्या नोंदी बघा. जानेवारी उत्तम, फेब्रुवारी संपता संपता ते परत निघालेले असतात.

तुम्ही एकटे असाल, चालायची हौस असेल, थंडीचं काही वाटत नसेल, तर हॅम वॉल नक्की करा. स्टार्लिंगसाठी जमल्यास लागोपाठ दोन संध्याकाळी हाताशी ठेवा. माझ्या मते त्याहून चांगला काळ एप्रिलअखेर ते मे हा आहे. बिटर्न घुमत असतो, चतुर पकडणारे हॉबी ससाणे पाण्यावर फिरत असतात आणि उजेड रात्री नऊपर्यंत टिकतो. घरचे पाहुणे मे-जूनमध्ये येणार असतील तर त्यांनाही तिकडेच न्या. हिवाळ्यात आले, तर दुपारी बाराच्या सुमारास स्लिमब्रिजला पोचा, डबा बरोबर घ्या आणि दाणे टाकायच्या अर्धा तास आधी काचेच्या खोलीत पुढची बाकं धरा.