माहीम दर्ग्याजवळची हॉटेलं: पैसे गल्ल्यावर, पंगत दारात

माहीमला दर्ग्याच्या बाजूला संध्याकाळी गेलात तर काही हॉटेलांच्या दारात माणसं उकिडवी बसलेली दिसतील. कधी दहा, कधी पंधरा, कधी तीसही. कुणी हात पुढे करत नाही, कुणी मागे लागत नाही. रस्त्याकडे तोंड करून नुसती बसून असतात. नवख्या माणसाला वाटेल, मुकादम यायची वाट बघतायत. ती जेवणाची वाट बघत असतात. आपण आत गल्ल्यावर जायचं, "दस लोगों का" म्हणून पैसे द्यायचे, की आतला पोऱ्या बाहेर येऊन दहा जणांना उठवतो आणि जेवायला बसवतो. एवढीच ही सेवा. गेली सहा वर्षं मी ती वापरते आहे आणि तिच्याबद्दल नीट लिहायचं कधीपासून मनात होतं.

जेवणावळीतलं मला थोडंफार कळतं, ते आईमुळे. लालबागला चाळीतल्या दोन खोल्यांत आई खानावळ चालवायची. अकरा गिरणी कामगार आमच्याकडे जेवायला होते, काही कोकणातले, काही घाटावरचे, सगळ्यांची बायकामुलं गावी. पाळीप्रमाणे माणसं यायची, तीन वेळा पंगत उठायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. मुंबईतले अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात आमचे अकराही होते. खानावळीचे पैसे महिन्याच्या पगारावर मिळायचे आणि पगारच थांबला. आईने पावसाळ्यापर्यंत सगळ्यांना जेवू घातलं, मग तिच्या पाटल्या मोडल्या, मग एकेक जण आपणहून गावाला निघून गेला. त्या दिवसांत ती आम्हा भावंडांना एकच गोष्ट बजावायची. जेवणाऱ्याच्या ताटाकडे बघायचं नाही. त्याने किती भाकऱ्या घेतल्या ते मोजायचं नाही. तुमची नजर त्याच्या घशात अडकते, म्हणायची.

म्हणून तिच्या तिथीला मी अकरा ताटं देते.

पण या हॉटेलांपर्यंत मी सरळ पोचले नाही. आधी मीही सगळ्यांसारखी सिग्नलला पाच-दहा रुपये द्यायचे. एकदा कडेवर तान्हं मूल घेतलेली एक बाई म्हणाली, "पैसे नको ताई, बाळाला दूध घेऊन द्या." तिनेच दुकान दाखवलं, तिनेच डबा दाखवला, मी चारशेच्या वर पैसे मोजले. पाच मिनिटांनी छत्री विसरली म्हणून परत गेले तर तोच डबा दुकानदार फळीवर परत ठेवत होता आणि तिच्या हातात त्याने काही नोटा दिल्या होत्या. मला तिचा राग आला नाही असं म्हणणार नाही. पण खरा राग दुकानदाराचा आला. त्याचा गल्ला भरलेला होता, त्याला या व्यवहारात पडायची काही गरज नव्हती. त्यानंतर दोन वर्षं मी कुणाला काहीच दिलं नाही. काच वर करायची आणि समोर बघायचं. दोन वर्षांनी एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की आता काचेवर टकटक झालेलीही मला ऐकू येत नाही. त्याची मला भीती वाटली.

त्यामुळे माहीमला पहिल्यांदा पैसे दिले तेव्हा मी पक्की संशयी होऊन गेले होते. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे चाचा होते. "कितने?" एवढंच विचारलं. नाव नाही, गाव नाही, कशाबद्दल नाही. मी अकरा म्हटलं आणि साधं जेवण सांगितलं. मी देते तिथे सध्या साध्या जेवणाचे माणशी 50 रुपये घेतात. आत मांसाहारी सांगितलं तर दर वाढतो. चाचांनी आत वळून "ग्यारह, सादा" असा आवाज दिला. पोऱ्या बाहेर गेला. रांगेच्या डाव्या टोकापासून एकेकाच्या खांद्याला हात लावत तो चालला आणि ज्याला हात लागला तो उठला. धक्काबुक्की नाही, "मला, मला" नाही. बाराव्या माणसापाशी तो थांबला आणि माघारी फिरला. बाराव्याने मान वळवून रस्त्याकडे बघितलं, मग दोन्ही पायांवर सरकत सरकत रांगेच्या तोंडाशी येऊन बसला. आता पहिला नंबर त्याचा.

हे मी इतक्या वेळा बघितलंय, तरी दर वेळी तिथेच थांबते. ज्याला आधी यायचं जमलं त्याला आधी. पांगळ्याला वेगळी दया नाही, धडधाकटाला "काम का करत नाहीस?" हा प्रश्न नाही. सिग्नलला आपण एका क्षणात माणूस पारखतो, हा खरा, हा ढोंगी, हिचं मूल भाड्याचं. इथे ते पारखणं आपल्या हातात राहतच नाही.

आता जेवण. मी त्या दिवशी तेच जेवण स्वतःसाठीही मागवलं, आणि तेव्हापासून दर वेळी मागवते. स्टीलच्या ताटात तीन रोट्या, डाळ, एक रस्साभाजी, वर भाताचा डाव. रोटी जाडसर, तव्यावरून थेट आलेली. डाळ संध्याकाळी सातच्या सुमारास चांगली दाट असते, लसणाची फोडणी लागते. साडेआठनंतर तिच्यात पाणी वाढलेलं जिभेला कळतं. भाजी बहुतेक बटाट्याची. मीठ-तिखट बेताचं. आईच्या हाताखाली वाढलेल्या माणसाच्या मापाने सांगते, हे पोटभरीचं जेवण आहे आणि पैसे भरून आलेल्या गिऱ्हाइकाच्या ताटात जे पडतं तेच बाहेरच्याच्या ताटात पडतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक टॅक्सीवाले तेच जेवत होते.

एका गोष्टीत मात्र मी चूक शोधली आणि ती सापडली. सुरुवातीच्या काळात त्याच भागातल्या दुसऱ्या एका हॉटेलात अकरांचे पैसे दिले आणि पोऱ्याने आठच माणसं उठवली. मी बाहेर उभी राहून मोजत होते. आत जाऊन विचारलं तर "हो जाएगा, अभी बैठाते हैं" म्हणाले. बसवले, पण मी उभी होते म्हणून. तेव्हा नवीन जाणाऱ्याने पैसे देऊन लगेच रिक्षात बसू नये. पाच मिनिटं थांबावं. माणसं उठली, आत गेली, ताटं आली, एवढं बघून निघावं. त्याहून जास्त वेळ थांबू नये. जेवताना समोर उभं राहू नये आणि मोबाईल तर काढूच नये. एकदा एका घोळक्याने वाढदिवसाची ताटं दिली आणि जेवणाऱ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. रोटीचा घास हातात धरून माणसं टाळ्या वाजवत होती. मला तिथे उभं राहवलं नाही.

रांगेत असतात कोण? माझ्याशी बोलले त्यांच्यावरून सांगते. हातगाडी ओढणारे, ज्यांना त्या दिवशी काम मिळालं नाही. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली पोरं, ज्यांचा ठेकेदार पैसे न देता गायब झालाय. घरातून बाहेर काढलेले म्हातारे. गर्दुल्लेही असतात, ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्या वहिनी यावर म्हणतात, नशा करणाऱ्याला कशाला पोसायचं? मी एवढंच सांगते की रोटी विकून नशा मिळत नाही. पैसे मिळाले असते तर गोष्ट वेगळी होती.

आणि एक आजी, त्या रांगेत बसत नाहीत, समोरच्या पदपथावर असतात, त्यांनी मला त्यांचा आठवडा सांगितला. मंगळवारी सिद्धिविनायक. बुधवारी माहीमचं सेंट मायकल चर्च, नोव्हेनाच्या प्रार्थनेची गर्दी असते. गुरुवारी हाच मखदूम बाबांचा दर्गा. शनिवारी मारुती. रविवारी "कुठे पण". सोमवार त्यांना सगळ्यात जड जातो. मखदूम अली माहिमी चौदाव्या-पंधराव्या शतकातले मोठे विद्वान, आणि माहीमच्या मेळ्यात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते, एवढं मला ठाऊक होतं. पण या शहराचा वार असा देवळा-चर्च-दर्ग्यांवरून मोजणारी माणसं आहेत, हे त्या आजींमुळे कळलं. तेव्हापासून आईची तिथी सोडली तर मी सोमवारीच जाते. गुरुवारी आणि रमझानमध्ये देणारे पुष्कळ असतात, पोऱ्याला उसंत नसते. सोमवारी, महिनाअखेरीला, धो धो पावसात रांग लांब असते आणि गल्ल्यावर कुणी येत नाही.

सरकारच्या शिवभोजन थाळीशी तुलना व्हायलाच हवी, म्हणून मुद्दाम एका केंद्रावर जाऊन जेवले. 26 जानेवारी 2020 ला योजना सुरू झाली. 10 रुपयांत दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात. मी गेले तिथलं जेवण स्वच्छ आणि चवीला माहीमपेक्षा आपल्या घरच्या जवळचं होतं. ज्याच्या खिशात दहा रुपये आहेत त्याला तिथे कुणाच्या दानाची वाट बघावी लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे आणि अशी केंद्रं जितकी असतील तितकी कमीच. पण जेवण दुपारचंच आणि संख्या ठरलेली. मी उशिरा आलेल्या दोघांना परत जाताना बघितलं. शिवाय नाव विचारून मोबाईलवर फोटो काढला. हिशेबासाठी लागत असेल, पण माझ्यापुढच्या गृहस्थांनी फोटोच्या वेळी टोपी काढून केस सारखे केले आणि मग मान खाली घातली, ते डोळ्यांपुढून जात नाही. माहीमला रात्रीचं जेवण मिळतं आणि तोंड कुणी टिपून ठेवत नाही.

कायद्याचंही लिहिते, कारण पुष्कळांना माहीत नसतं. आपल्याकडचा भीक प्रतिबंधक कायदा 1959 चा आहे. त्यात फक्त हात पसरणं म्हणजे भीक नव्हे. पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतोय किंवा थांबलाय की तो भिकेवरच जगत असावा असं वाटावं, तर तेही भीक मागणंच. पहिल्यांदा पकडलं तरी भिक्षेकरी गृहात किमान 1 ते जास्तीत जास्त 3 वर्षं ठेवता येतं. असं एक गृह चेंबूरला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. आपल्या राज्यात कायदा चालू आहे. म्हणजे उकिडवं बसून जेवणाची वाट बघणं हाच त्यांचा गुन्हा होऊ शकतो. एका संध्याकाळी मी गेले तर रांगच नव्हती. मी चाचांकडे बघितलं. "आज गाडी घूम रही है," म्हणाले. अकरांचे पैसे देऊन ठेवू का विचारलं तर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "कल आइये बहनजी, खिलाने वाला सामने होना चाहिए." त्या दिवशी ते पैसे त्यांनी सहज घेतले असते. म्हणून मी या हॉटेलावर विश्वास ठेवते.

मोठी उणीव एकच, पण ती मला बोचते. रांगेत बायका जवळजवळ नसतात. तीस पुरुषांच्या रांगेत कोणती बाई जाऊन बसेल? त्या आजी समोर असतात, मूल घेतलेल्या दोघी-तिघी आडोशाला असतात, आणि पोऱ्याचा हात त्यांच्या खांद्यापर्यंत पोचत नाही. मी चाचांना दोन वेळा बोलले. ते म्हणाले, आत फॅमिली रूममध्ये जागा आहे, पण त्या येत नाहीत, लाजतात. तोवर मी माझी वाट काढली आहे. अकरा ताटं रांगेला, आणि वर चार पार्सलं बांधून घ्यायची. पार्सलात डाळ पिशवीत गाठ मारून देतात, म्हाताऱ्या बोटांना ती गाठ सुटत नाही, म्हणून मी घरून झाकणाचे डबे नेते. आजींनी पहिल्यांदा डबा घेतला तेव्हा झाकण उघडून आधी वास घेतला. मग दोन रोट्या काढून पदरात बांधल्या. मी नकळत त्या बांधलेल्या रोट्यांकडे बघत राहिले, आणि आईचं बोलणं आठवून मान वळवली.

पाण्याचंही थोडं. रांगेतून जेवायला बसलेल्यांना पाण्याचा एकच जग असतो, पेले कमी पडतात. हात धुवायला पिंप आहे, साबण मी दोनदाच बघितला. ताट धुतलेलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही.

पाचपैकी चार तारे देते. जेवणाला, त्या खांद्यावरच्या हाताला आणि त्या दिवशी पैसे न घेणाऱ्या चाचांना. पाचवा राखून ठेवलाय. ज्या सोमवारी त्या आजी आतल्या बाकावर बसून, गरम ताटात जेवताना दिसतील, त्या रात्री घरी येऊन तो देईन.