‘सेल शॉर्ट झालाय, काका’: दीड महिना बंद गाडी आणि माझे १०,६५० रुपये

लिहायला लाज वाटते. बावीस वर्षं गाडी चालवतोय. तरीही लिहितोय, कारण मुलांकडे पुण्या-बंगळूरला महिना-दीड महिना जाऊन राहणारे कोल्हापुरात घरोघरी आहेत, आणि परत आल्यावर गाडी उठत नाही हे ठरलेलं.

बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मार्चमध्ये पुण्याला गेलो, एप्रिलच्या मध्याला रुईकर कॉलनीत परत. दुसऱ्याच दिवशी गडहिंग्लजला भाच्याचा साखरपुडा, साडेअकराचा मुहूर्त. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टकटक. शेजारी ड्यूटीवर गेलेले, बायको वॉकर धरून दारात तयार. अशा वेळी माणूस मोबाईलवर जो पहिला नंबर दिसतो तो लावतो. मीही लावला. ‘घरपोच जम्पस्टार्ट (बाहेरून करंट देऊन गाडी उठवणं) ३०० रुपये’, वर भरपूर स्टार.

फोनवर त्याने विचारलं, गाडी कुठली, कुठल्या सालची, पेट्रोल का डिझेल? जम्प द्यायला हे कशाला लागतं? १२ व्होल्टची बॅटरी ती १२ व्होल्टचीच. मला तेव्हा वाटलं, पोरगा व्यवस्थित काम करणारा दिसतोय.

वीस मिनिटांत मोटरसायकलवरून आला. पाठीवर सॅक, मागे पोत्यात बांधलेली बॅटरी. मी विचारलं, ही कुणाची? “पुढच्या गिऱ्हाइकाची हाय, काका.” सॅकमधून जम्पची छोटी पेटी काढली, चिमटे लावले, मला सेल्फ मारायला लावला. गाडी उठली नाही. मीटर लावून दाखवला, “सेल शॉर्ट झालाय बघा. आता ही न्हाई उठायची.” म्हणजे बॅटरीतला एक कप्पा कायमचा गेला. आणि पोतं सोडलं. पुढच्या गिऱ्हाइकाची ती बॅटरी माझ्या ट्रेमध्ये अशी बसली, जशी मापानं आणलेली. एक क्लॅम्पसुद्धा सरकवावा लागला नाही. तो क्षण अजून रात्री आठवतो. मी तिथं उभा होतो, डोळ्यांनी बघत होतो, आणि घड्याळात दहा वाजत आले होते.

हिशेब: व्हिजिट ३००, बॅटरी ५,४००, फिटिंग १५०, ‘ईसीएम रिसेट’, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, ४५० (दोन मिनिटं चावी ऑन करून ठेवली, बाकी काही नाही), जुनी बॅटरी परत घेतली म्हणून वजा ८००. एकूण ५,५००. स्कॅन केल्यावर नाव भलत्याच बाईचं आलं. “घरच्यांचं खातं हाय.” बिल व्हॉट्सअ‍ॅपवर येणार होतं. अजून यायचंय.

नवव्या दिवशी गाडी पुन्हा आडवी. उद्यमनगरात ओळखीच्या बॅटरीवाल्याकडे नेली. त्याने ओल्या फडक्याने स्टिकरची कड चोळली, खाली दुसरा, जुना स्टिकर. कव्हरवर कोरलेला नंबर ग्राइंडरने घासलेला, बोट फिरवलं की खरखर लागते. रात्रभर चार्ज करून ठेवली तर सकाळी ११.४ व्होल्ट, चांगली असती तर १२.६ च्या आसपास राहिली असती. माझी जुनी बॅटरी जेमतेम १४ महिन्यांची, वॉरंटीतली. ती नुसती उतरली होती. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, सेंट्रल लॉक करंट ओढतच राहतात. ५० मिलीअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर; ३५ ची बॅटरी महिन्यात संपते. आठ-दहा तास सावकाश चार्जिंग केलं असतं तर ती उठली असती, असं तो म्हणाला. मग जम्पने का उठली नाही? काळा चिमटा कुठं लावला होता, त्याने विचारलं. मी जागा दाखवली. रंग दिलेली पट्टी. रंगावरून करंट जात नाही. चिमटा इंजिनच्या उघड्या धातूला लावायचा असतो.

नवी बॅटरी ५,१५०, पक्क्या बिलावर. एकूण गेले १०,६५०.

चौकीत गेलो. “पैसे स्वतःच्या हातानं दिलासा न्हवं? सिव्हिल मॅटर हाय.” अर्ज घ्या म्हटलं तर साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब होते, शिक्का नव्हता. तिसऱ्या दिवशी विचारलं, त्याचं पूर्ण नाव-पत्ता काय? अहो, तो मला माहीत असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? मोबाईल नंबर आहे, खात्यावरचं नाव आहे, घासलेल्या बॅटरीचे फोटो आहेत. शोधणं कुणाचं काम? बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. ग्राहक तक्रारीला फोन केला तर बिल द्या. ज्याने बिल दिलं नाही म्हणूनच तक्रार आहे, त्याचंच बिल हे मागतात! चार चकरा, रिक्षाचे ३६० वेगळे. आणि त्या माणसाचा नंबर आजही तसाच वर दिसतो, स्टारसकट.

गाडी महिनाभर ठेवणार असाल तर निगेटिव्हची वायर काढून जा, दहा नंबरचा पाना पुरतो. सुरू करून दहा मिनिटं उभी ठेवल्याने बॅटरी भरत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर आधी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. माझ्या बॅटरीवर होती, त्या पोराने ती मुद्दाम तशीच ठेवली. जुनी बॅटरी कुणाच्या हातात देऊ नका, ८०० देवो की हजार. बॅटरीवरच्या नंबरचा फोटो आजच काढून ठेवा. ऑनलाइन पैसे गेले की १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, माझ्यासारखा नवव्या दिवशी नको.

माझ्या बॅटरीच्या डाव्या कुशीला, खाली, पांढऱ्या ऑइलपेंटने बसवल्याची तारीख लिहिलेली आहे: १४-२-२४. चारच्या आकड्याचा पाय जरा ओघळलाय. ‘नवी’ म्हणून घेतलेल्या कुणाच्या बॅटरीवर तशी खूण दिसली तर कृपा करून मला कळवा. चौकीत मी परत जाणार आहे.