भिगवणची बॅच निघालीच नाही

फोटोग्राफीच्या क्लासचे पहिले चार रविवार खरोखर चांगले गेले, हे आधी सांगते. वाईट शिकवलं असतं तर मी पुढचे पैसे भरलेच नसते. फोटो किती उजळ येईल हे ठरवणाऱ्या कॅमेऱ्याच्या तीन सेटिंग्ज, म्हणजे ॲपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ, यांतलं एक बदललं की दुसरं कसं सांभाळायचं, हे सरांनी इतकं नीट समजावलं की पाचव्या दिवशी ऑटो मोड सोडून मी पुण्याजवळच्या कवडीपाटला पक्ष्यांचे फोटो काढायला गेले. शटर १/१००० सेकंदावर ठेवून उडणारा चक्रवाक पकडला. पंख स्पष्ट आले होते. त्या आनंदात मी सगळं विसरले.

त्या चौथ्या रविवारीच वर्ग सुटताना सर म्हणाले होते, "ताई, तुमची नजर चांगली आहे, थांबू नका." इंटरमीजिएट बॅचची फी १४,००० रुपये, पण आजच भरली तर ९,०००. सहा आठवडे वर्ग, रॉ फाइलचं (कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फोटोचं) एडिटिंग आणि शेवटी दोन दिवस भिगवणला रोहित पक्ष्यांचे फोटो. आम्ही अकरा जणांनी जागेवर यूपीआय केलं. स्क्रीनवर क्लासचं नव्हे, भलत्याच माणसाचं नाव आलं. मी ते वाचलं आणि तरी पिन टाकला. पावतीचं विचारलं तर, "ग्रुपवर टाकतो."

त्याच दिवशी मी त्यांच्याकडूनच वापरलेला निकॉन घेतला, २२,००० ला. फाइलचं नाव दाखवून म्हणाले, "बघा, फक्त ४१२ फोटो निघालेत." मला पटलं. पण फाइलच्या नावातला तो आकडा ९९९९ नंतर पुन्हा १ पासून सुरू होतो, आणि मेनूमध्ये जाऊन मध्येच शून्यावरही आणता येतो. खरा शटर काउंट, म्हणजे शटर एकूण किती वेळा चाललं तो आकडा, निकॉनच्या मूळ फोटो फाइलमध्येच नोंदलेला असतो. भाच्याने तो काढून दाखवला तेव्हा ८६,००० च्या वर निघाला. अशा कॅमेऱ्याचं शटर साधारण १ लाख वेळा चालेल असं धरतात. वापरलेला कॅमेरा घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर एक फोटो काढा, ती फाइल एडिट न करता तपासा आणि मगच पैसे द्या.

बॅच जानेवारीत सुरू व्हायची होती. आधी हॉल मिळाला नाही, मग सरांच्या आईंना दवाखान्यात ठेवलं. मी काळजीने रोज विचारपूस करत होते, त्याचं आता सर्वांत जास्त वाईट वाटतं. मार्चमध्ये ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करून टाकलं. एप्रिलमध्ये फोन बंद. पाऊस सुरू झाला, रोहित पक्षीही भिगवण सोडून गेले.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून मार्ग निघाला नाही म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. माझ्याकडे यूपीआयची नोंद आहे आणि ग्रुपवरच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट आहेत. जाहिरात नंतर काढून टाकली गेली, त्यामुळे ते वेळीच घेतले हे बरं झालं.

अकरापैकी चौघे सोबत आले. बाकीच्यांना लाज वाटते. त्यांच्यात एक निवृत्त काका आहेत, त्यांनी पेन्शनमधून पैसे भरले होते. परवा फोनवर म्हणाले, "घरी अजून बॅच पुढे गेलीय असंच सांगतोय." तुमच्यापैकी कोणी याच पद्धतीने पैसे भरले असतील तर जरूर कळवा, आमच्या तक्रारीला जोड मिळेल.