बबल की आडव्या पट्ट्या? 50 मीटरला रायफल कलू न देण्याचे दोन मार्ग

एअर रायफलला स्पिरिट लेव्हल (आतल्या बुडबुड्यावरून कल दाखवणारी छोटी नळी, म्हणजेच बबल) लावायची परवानगीच नाही. त्यामुळे 10 मीटरवरून 50 मीटरला आलेल्या नेमबाजापुढे हा प्रश्न पहिल्यांदाच येतो: रायफल कलू नये म्हणून फोरसाइटवर (नळीच्या टोकाकडच्या साइटवर) बबल बसवायचा, की तिच्या टनेलमधल्या (नळकांड्यातल्या) रिंगच्या दोन्ही बाजूंना असलेल्या आडव्या पट्ट्यांवर भिस्त ठेवायची? मी दोन्ही वापरले आहेत आणि माझी पसंती ठरलेली आहे. पण आधी हिशेब.

रायफल उजवीकडे कलली की गोळी उजवीकडे आणि किंचित खाली लागते. किती, ते गोळी नळीच्या रेषेपासून किती पडते यावर ठरतं. .22 ची गोळी 50 मीटरपर्यंत साधारण 12 सेंटिमीटर पडते, म्हणजे एक अंश कँटला (रायफलच्या कलण्याला) 2 मिलिमीटर. टार्गेटवर गुणांच्या दशांशाची एक पायरी 0.8 मिलिमीटरची, त्यामुळे एवढ्यातच दोन-अडीच दशांश जातात. पाच अंश कललात तर 10.9 चा, म्हणजे अचूक मध्यावरचा शॉट 9.6 वर येतो. एअर रायफलमध्ये तोच एक अंश जेमतेम एक दशांश खातो, म्हणून तिथे कँटकडे लक्ष द्यायची सवय लागलेली नसते. 300 मीटरला 6 मिलिमीटरची वेगवान गोळी एका अंशाला सुमारे 12 मिलिमीटर सरकते, पण तिथली एक रिंग 50 मिलिमीटरची असते. मार्कांच्या हिशेबात संथ .22 च जास्त नडते. हजार यार्डांवर .308 ची गोळी दहा मीटरहून जास्त पडते. तिथे एक अंश म्हणजे जवळजवळ वीतभर.

कँट शून्यच हवा असं नाही. तो प्रत्येक शॉटला तेवढाच हवा. चार अंशांचा कँट कायम ठेवून उत्तम मारणारे नेमबाज आहेत. त्यांनी एवढंच लक्षात ठेवायचं की साइट दहा क्लिक (साइटच्या पेचाचे टप्पे) वर नेली की गोळी पाऊण क्लिकभर आडवीही सरकते.

बबलचा मोठा गुण म्हणजे तो रेंजवर अवलंबून नसतो. टार्गेटची चौकट तिरकी असो, मागचा बांध उतरता असो, बबल खरं तेच सांगतो. प्रोनमध्ये (पालथं झोपून मारताना) मान चीकपीसवर (गाल टेकायच्या भागावर) टेकलेली आणि डोकं कललेलं असतं. अशा वेळी सरळ काय आणि तिरकं काय याबाबत मेंदू सहज फसतो. बबल फसत नाही. शिवाय तो फोरसाइटच्याच अंतरावर असल्याने वेगळा फोकस करावा लागत नाही.

मग अडचण कुठे? बबल स्थिर व्हायला वेळ घेतो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तो थरथरतो. नजर आधी बबलवर, मग काळ्यावर (टार्गेटच्या काळ्या वर्तुळावर), पुन्हा बबलवर. काळा रिंगच्या मधोमध बसलेला असतो, बोट ट्रिगरवर पहिला टप्पा घेऊन थांबलेलं असतं आणि बबल केसभर डावीकडे दिसतो. तो मध्ये आणायला मनगट नकळत पीळ देतं. तो पीळ शॉट सुटताना मोकळा होतो, रायफल वेगळ्या दिशेने उसळते आणि शॉट बाहेर जातो. म्हणजे कँट सुधारला आणि पोझिशन बिघडली. तोवर होल्ड (नेम धरून थांबणं) आठ-दहा सेकंदांच्या पुढे गेलेला असतो, डोळ्यातली प्रतिमा विरायला लागलेली असते. 60 शॉट्स, 50 मिनिटं, आणि प्रत्येक वेळी ही धावाधाव. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

उघड्या रेंजवर आणखी दोन गोष्टी होतात. उन्हात बबलच्या नळीतला द्रव फुगतो आणि बबल आखूड होतो. डिसेंबरच्या सकाळी तोच लांबलचक. रेघांमधली मोकळी जागा बदलली की ‘मध्ये’ म्हणजे काय याचा अंदाजही बदलतो. ऊन एका बाजूने आलं तर बबलची एक कड चमकते आणि तो सरकल्यासारखा दिसतो.

आडव्या पट्ट्यांचं काम शांतपणे चालतं. रिंग, काळा आणि पट्ट्या एकाच नजरेत येतात, डोळा कुठेही हलवावा लागत नाही. दोन्ही पट्ट्या टार्गेटच्या चौकटीच्या वरच्या कडेला समांतर दिसल्या की पुरे. त्यांच्या मर्यादाही खऱ्या आहेत: अंधूक उजेडात बारीक पट्ट्या टनेलच्या काळोखात हरवतात, आणि चौकटच तिरकी असेल तर तुम्ही इमानेइतबारे तिरके मारता. म्हणून नव्या रेंजवर सराव शॉट्सच्या आधी शेजारच्या चार-पाच चौकटी पाहून घ्याव्यात. आपलीच वेगळी दिसली तर तो फरक मनात धरून मारावं.

पट्ट्या जुळवायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. 10 मीटरवरच्या भिंतीवर एक मीटर अंतरावर दोन खुणा करून आडवी रेघ मारा. खुणांमध्ये 5 मिलिमीटरची चूक झाली तरी ती 0.3 अंशच. रायफल स्टँडवर घट्ट बसवा, ॲक्शनच्या सपाट भागावर छोटी लेव्हल ठेवून सरळ करा आणि रिअर साइटमधून पाहत पट्ट्या रेघेला समांतर होईपर्यंत इन्सर्ट (टनेलमधला रिंग आणि पट्ट्यांचा तुकडा) फिरवा. कँट ठेवून मारत असाल तर रायफल तेवढी कलवून मगच हे करा. 2024 साली स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, त्या प्रकारात नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन आणि स्टँडिंगचा (उभ्याने) कँट वेगवेगळा असू शकतो. तिथे तिन्हींची जुळणी स्वतंत्र करून लिहून ठेवावी लागते.

बबल मी मोडीत काढत नाही. नीलिंगमध्ये ज्यांचं डोकं फार कलतं त्यांना कदाचित तोच सोयीचा वाटेल. माझ्या मते त्याची खरी जागा ड्राय फायरमध्ये (गोळी न भरता केलेल्या सरावात) आहे. डोळे मिटून पोझिशन घ्या, दोन श्वास सोडा, मग डोळे उघडून बबल पाहा. दहापैकी आठ वेळा तो डावीकडेच गेला, तर रायफल उजवीकडे कलते आहे. मनगट वापरू नका. बट प्लेट थोडी फिरवा, स्लिंगची जागा तपासा आणि पुन्हा दहा वेळा पाहा. बबल आपोआप मध्ये यायला लागला की तो काढून पेटीत ठेवा.

मॅचला जाताना इन्सर्ट धरून ठेवणारी टनेलची चकती मात्र हाताने घट्ट करून पाहा. ती ढिली झाली की इन्सर्ट फिरतो आणि पट्ट्यांसोबत तुम्हीही कलता. चकती आणि टनेल यांवरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवली की ती सरकल्याचं लगेच दिसतं.