बुलेटचा क्लच आणि गणेशपेठेतले काकाजी

माझी बुलेट १९९६ ची, ३५० सीसी, उजव्या पायानं गियर टाकायची. नागपुरात मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसीत रोजचं जाणं-येणं तिच्यावरच. मार्चपासून क्लच घसरायला लागला. थ्रॉटल दिला की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र वेगच घ्यायची नाही. एका गॅरेजवाल्यानं "प्लेटा गेल्या" म्हणून सांगितलं, नवा सेट टाकला, २,९०० रुपये घेतले. तीन आठवड्यांत पुन्हा तेच! रिंग रोडवर मागून ट्रक येतोय आणि गाडी हलत नाही, तेव्हा जिवाचं पाणी होते.

कंपनीतल्या एकानं गणेशपेठेतल्या बोळीतलं हे गॅरेज सांगितलं. बोर्ड नाही, टिनाचं शेड आहे. मिस्त्री सत्तरीचे असतील, सगळे काकाजीच म्हणतात. त्यांनी प्लेटांना हात लावायच्या आधी क्लचचं लिव्हर एका बोटानं हलवून पाहिलं. म्हणाले, "याले प्लेच नाही ठेवला, भाऊ. कोणं तरी केबल ताणून ठेवली."

मग मला खाली बसवून दाखवलं. लिव्हर डाव्या हाताला, पण केबल उतरते उजवीकडे, गियरबॉक्सच्या कव्हरात. तिथलं अंडाकृती झाकण काढलं की आत केबलची निपल, म्हणजे टोकाची गुंडी, अडकवलेला छोटा आर्म दिसतो. क्लच दाबला की तो आर्म हलतो आणि त्यातला स्क्रू एका बारीक सळईला ढकलतो. ही पुश रॉड पोकळ मेनशाफ्टमधून, म्हणजे गियरबॉक्सच्या मुख्य दांड्यातून, आरपार डावीकडे क्लचपर्यंत जाते आणि प्रेशर प्लेटला बाहेर लोटते. स्प्रिंगा दबतात, प्लेटा सुट्या होतात. हात सोडला की स्प्रिंगाच प्लेटा परत आवळतात. म्हणजे पकड सगळी स्प्रिंगांची, आपला हात ती फक्त सोडवतो. मधे जराही ढील, म्हणजे काकाजींचा 'प्ले', नसली तर रॉड सदाच टेकून राहते, अर्धा क्लच दाबून गाडी चालवल्यासारखी. नव्या प्लेटा टाकल्या तरी त्या घसरणारच.

रॉड बाहेर काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. टोक निळं पडलेलं, छिन्नीच्या डोक्यासारखं पसरलेलं. मी सतरा वर्षं लेथवर आहे. पोलादावर असा निळा रंग तीनशे डिग्रीच्या आसपास चढतो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. टोकाचं पाणी उतरलं होतं, म्हणजे कडकपणा गेला होता. ही रॉड आधीच्या माणसानं पाहिलीच नाही, याचा मला अजूनही राग येतो.

नवी रॉड टाकली. आधी केबलचा अ‍ॅडजस्टर पूर्ण ढिला केला. मग आतल्या स्क्रूचा लॉकनट सोडून, स्क्रू रॉडला टेकेपर्यंत हातानं फिरवला, अर्धा आटा मागे घेतला, लॉकनट कसला. शेवटी केबल जुळवून लिव्हरच्या मुळाशी दोन-तीन मिलीमीटर ढील ठेवली. प्लेटा बदलल्या नाहीत. चकाकलेल्या होत्या, त्या एमरी पेपरवर घासून परत बसवल्या. रॉड, मजुरी, सगळं मिळून ७५० रुपये. नव्या प्लेटांचं बिल सहज लावता आलं असतं.

उणिवाही सांगतो. गाडी आज देतो म्हणाले, मिळाली दुसऱ्या दिवशी. पावती मिळत नाही. मे महिन्यात दुपारी त्या टिनाखाली उभं राहवत नाही, बसायला एकच स्टूल आहे. जायचं तर रात्रीच गाडी ठेवून द्या, कारण थंड इंजिनावरच सेटिंग करतात, दुसरं ऐकत नाहीत.

परवा रविवारी रामटेकला गेलो. मागे बायको, पुढे टाकीवर पिशवी. गडाच्या चढावर दुसऱ्या गियरमध्ये थ्रॉटल दिला, गाडी सरळ वर गेली. वर पोचल्यावर उभ्या गाडीत न्यूट्रलही टाचेच्या पहिल्याच दाबाला लागला.