लंडनची नॅशनल गॅलरी: फुकट आहे म्हणून एका दमात बघू नका

बेळगाव, निपाणी, खानापूरकडची पोरं शिकायला किंवा नोकरीला लंडनला गेली की सुरुवातीचे महिने पौंडाचे रुपये करण्यात जातात. इथं ते गणित नको. ट्रॅफल्गर चौकातल्या या गॅलरीच्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, पैसे पडतात ते खास प्रदर्शनांना. गॅलरी रोज १० ते ६ उघडी, शुक्रवारी रात्री ९ पर्यंत. २४ ते २६ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद. संकेतस्थळावर वेळ फुकटात राखता येते. सक्ती नाही, पण शनिवार-रविवारी रांगेतला वेळ वाचतो. चौकातून इमारतीकडे तोंड केलं की डाव्या हाताचा सेन्सबरी विंग हा मे २०२५ पासून मुख्य दरवाजा आहे.

गाडं अडतं ते दारातल्या तपासणीत, आणि तेही पाण्यावर. २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये आंदोलकांनी व्हॅन गॉखच्या 'सूर्यफुलां'वर सूप फेकलं. काच होती म्हणून चित्र वाचलं. त्यानंतर, ऑक्टोबर २०२४ पासून, गॅलरीनं द्रव पदार्थ आत न्यायला बंदी घातली. आई-बाबांना फिरवायला नेताना पाणी, ताक, कोकम काही पिशवीत ठेवू नका. बाळाचं दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध चालतं. चिठ्ठी जवळ असलेली बरी. चाकांची मोठी बॅग घेऊन विमानतळावरून थेट येण्याचा बेत तर करूच नका.

संग्रह २,३०० हून जास्त चित्रांचा, साधारण १२५० ते १९०० या काळातला आणि बहुतेक सगळा युरोपचा. एका दिवसात सगळी दालनं पालथी घालणाऱ्याचे पाय दुखतात आणि डोक्यात काही राहत नाही. तिकीट नाही याचा खरा फायदा हाच, की एका खेपेला चार-पाच चित्रं बघावीत आणि निघावं. परत येता येतंच की! निघण्याआधी संकेतस्थळावर चित्राचं नाव टाकून बघा. दालनं बदलतात, चित्रं बाहेरगावी जातात.

पहिल्या खेपेला होल्बाइनचं 'राजदूत' (१५३३) घ्या. दोन माणसांच्या पायाशी तिरका पांढुरका फराटा दिसतो. समोरून त्याचा अर्थ लागत नाही. चित्राच्या उजव्या बाजूला सरकून कडेनं बघितलं की तो आवळून येतो आणि कवटी दिसते. गर्दी असली की लोक समोरच फोटो काढून निघून जातात. मग वरचा डावा कोपरा बघा: पडद्याआड अर्धा दडलेला क्रूस आहे. व्हॅन आयकच्या १४३४ मधल्या जोडप्याच्या चित्रात मागच्या भिंतीवर छोटा गोल आरसा आहे, त्यात दारात उभी असलेली आणखी दोन माणसं आहेत. चित्र जेमतेम ८२ सेंटिमीटर उंच, त्यामुळे सगळेच पुढं झुकतात. झुका, पण बोट दाखवू नका, रखवालदार लगेच टोकतो. फोटोला परवानगी आहे, फ्लॅशला आणि सेल्फी स्टिकला नाही.

आपल्या माणसानं गोयाचं वेलिंग्टनचं चित्र चुकवू नये. १८०३ मध्ये असईला मराठ्यांशी लढलेला वेलस्ली तो हाच. हेच चित्र १९६१ मध्ये इथून चोरीला गेलं आणि १९६५ मध्ये परत मिळालं. वाघनखं मात्र इथं विचारू नका. ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची, आणि २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात येऊन साताऱ्यात मांडली गेली.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण चित्राशेजारच्या पाट्यांनी घालवला: बारीक अक्षर आणि इंग्रजी सोडून दुसरी भाषा नाही. चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या गावातल्या, म्हणजे बेळगावच्या, माणसाला रंग-रेषा कळायला पाटी लागत नाही हे खरं, पण बायबलमधला प्रसंग माहीत नसला की अर्धी दालनं मुकी वाटतात. म्हणून चार चित्रांची माहिती घरूनच वाचून जावा.

शेवटी टर्नरचं 'टेमरेर' बघा. वाफेची छोटी बोट मोठ्या म्हाताऱ्या युद्धनौकेला मोडीत काढायला ओढून नेते आहे. ती नौका १८०५ मध्ये ट्रॅफल्गरला लढली होती. बाहेरच्या चौकाला नाव त्याच लढाईचं, खांबावर उभा आहे तो त्याच लढाईतला नेल्सन. आतला कॅफे महाग आहे, चपाती-भाजीचा डबा त्या खांबाखालीच उघडावा. कबुतरांना मात्र तुकडा टाकू नका, चौकात त्याला बंदी आहे.