दहापट भिंग: भूशास्त्राला प्रवेश घेतलाय? मग आधी हे घ्या

बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतलेली मुलं फोन करून विचारतात, "ताई, कुठला क्लास लावू?" मी सांगते, क्लासचं नंतर बघू, आधी भिंग घ्या. मी भूजल सर्वेक्षणाची कामं करते, जास्त करून बीड-लातूरकडे. गळ्यातलं हे 10एक्स ट्रिपलेट भिंग कॉलेजपासूनचं आहे. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात सातशेच्या आसपास मिळालं होतं.

ट्रिपलेट म्हणजे तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या. त्यामुळे खनिजाच्या कडेला निळी-तांबडी झाक येत नाही. ऑनलाइन दिवेवालं '30एक्स' स्वस्तात मिळतं, तेही वापरून पाहिलंय. दगड इतका जवळ धरावा लागतो की नीट दिसतच नाही. 10एक्सला साधारण अडीच सेंटिमीटर अंतर मिळतं, उजेड आत येतो. भिंग डोळ्याला लावायचं आणि दगड भिंगाकडे आणायचा, एवढी सवय लावून घ्या.

या भिंगाची खरी परीक्षा बोअरवर होते. वर येणारा चुरा थोड्या थोड्या खोलीवर घ्यायचा, धुवायचा, तळहातावर पसरायचा. काळे, घट्ट, टोकदार कण म्हणजे काळा पाषाण. त्यात पाणी मिळालंच तर फटींतून. मधेच तांबडा चिखल आला तर गेरू, म्हणजे लाव्हाचा एक थर संपून दुसरा सुरू होतोय. आणि मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा खडक लागला की भिंगाला पर्याय नाही. त्यातली भोकं मोकळी, झिजलेली आहेत की खनिजांनी बुजलेली? बुजलेली असतील तर स्टिलबाइटचे मोत्यासारखे चमकणारे पापुद्रे दिसतात. कॅल्साइट असेल तर सौम्य आम्लाच्या थेंबाने फसफसतं. बुजलेल्या खडकातून पाणी फारसं फिरत नाही. शेतकरी शेजारी उभा असतो, दर फुटाला त्याचे पैसे जात असतात, आणि आणखी खाली जायचं की थांबायचं हे तुम्हाला तिथल्या तिथे सांगायचं असतं. हे काम मला मनापासून आवडतं.

"दगड बघून पोट भरेल का?" असं पालक विचारतात. भरतं. बी.एस्सी.नंतर आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम या प्रवेश परीक्षेला भूशास्त्राचा पेपर आहे. एम.एस्सी.नंतर यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा: पूर्व 400 गुणांची, मुख्य 600 आणि मुलाखत 200. त्यातून 1851 साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात किंवा केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. राज्यात पुण्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, नागपूरला भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय. शिवाय माझ्यासारखी खाजगी कामं आहेतच. मुख्य परीक्षेचे पेपर वर्णनात्मक असतात. गाइड पाठ केलेल्याचं उत्तर आणि दगड हाताळलेल्याचं उत्तर यातला फरक दोन ओळींत कळतो, असं माझं ठाम मत आहे.

भिंगात दोन उणिवा आहेत. फिरत्या झाकणाचा स्क्रू ढिला होतो, आणि पावसाळ्यात काचेला बुरशी धरते. सिलिका जेलची पुडी घालून डबीत ठेवा, काच सुती कपड्यानेच पुसा, ओढणीने नको. पहिल्या फील्ड ट्रिपच्या आधी घ्या. वर्गात एकच भिंग फिरत असेल तर आपली पाळी येईपर्यंत सर पुढच्या खडकाकडे गेलेले असतात.